न केलेल्या गोष्टीचा जाब



भिंगारमध्ये मूलभूत हक्कांवर बोलायचं तर किल्ला टाळून पुढे जाता येत नाही. इथून जवळच तो उभा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना मुंबईत पकडलं आणि नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव. खटला नाही, मुदतीची शिक्षा नाही, १९४५ पर्यंत नुसतं डांबून ठेवणं. नेहरूंचं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहून झालं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

किल्ल्याची आठवण काढण्याचं कारण वेगळं आहे. आपली घटना लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जण तुरुंगातून आलेले होते. त्यामुळे हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: सरकार म्हणजे मानगुटीवर पडणारा हात, आणि हक्क म्हणजे तो हात अडवणारी ढाल. 'आम्हाला सोडा, आमच्या वाटेला जाऊ नका.' चित्र खरं आहे. ज्यांनी आणीबाणी पाहिली त्यांना तर ते समजावून सांगायला नको. पण हे अर्धं चित्र आहे, आणि आज आपल्याला उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलायचं आहे.

घटनेचं एकविसावं कलम घ्या. कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीखेरीज कोणाचाही जीव वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेतलं जाणार नाही, असा त्याचा आशय. वाक्य नकारार्थी आहे. 'घेणार नाही.' आता तत्त्वज्ञानाचा मास्तर इथे थांबतो आणि विचारतो, सरकारने घेतला नाही, पण जाऊ दिला, तर? माणूस सरकारच्या हाताखाली असताना, सरकारच्याच छताखाली, सरकारने काही केलं नाही म्हणून गेला, तर या वाक्याचा भंग झाला की नाही झाला?

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला सकाळी आग लागली. अकरा रुग्ण गेले. कोणी प्राणवायूवर, कोणी व्हेंटिलेटरवर. स्वतःच्या पायाने उठून दाराशी येता येईल अशी त्यांची अवस्थाच नव्हती. भिंगारहून सिव्हिलला कोण गेलेलं नाही? आपल्या प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी त्या आवारात रात्र काढून आलेलं आहे. म्हणून हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो, आणि जपूनही घेतो. फौजदारी बाजूचा निवाडा करणं हे न्यायालयाचं काम, व्याख्यात्याचं नव्हे. आपल्याला दुसरंच काही पाहायचं आहे. त्या दिवशीच्या आधी कागदावर काय होतं, ते.

कागदावर पुष्कळ होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये राजकोटच्या एका कोविड रुग्णालयाला आग लागली. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि १८ डिसेंबर २०२० ला आदेश दिला. आरोग्याचा हक्क एकविसाव्या कलमात येतो, हे त्यात स्वच्छ म्हटलं. त्यापुढे जाऊन सांगितलं की राज्यांनी प्रत्येक कोविड रुग्णालयासाठी एक नोडल अधिकारी नेमावा, आगीपासूनच्या बंदोबस्ताची पूर्तता करवून घेण्याची जबाबदारी त्याची. जिल्ह्याजिल्ह्यात समिती असावी आणि तिने महिन्यातून निदान एकदा पाहणी करून त्रुटी कळवाव्यात. यानंतर बावीस दिवसांनी, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा तान्ही बाळं गेली. तो कक्ष कोविडचा नव्हता, हे खरं. पण राज्य हादरलं, आणि सगळ्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग. नोव्हेंबरमध्ये नगर.

म्हणजे धोका माहीत नव्हता, असं कोणालाही म्हणता येणार नाही. कर्तव्य माहीत नव्हतं, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते सांगितलं होतं, मंत्रालयाने ते सांगितलं होतं, आणि राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा तर त्याच्याही आधीपासून सांगत होता की इमारतीचा मालक वा भोगवटादार या यंत्रणेला जबाबदार आहे आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ती चालू असल्याचं प्रमाणपत्र त्याने द्यायचं. सरकारी रुग्णालयाचा मालक कोण? सरकार. भोगवटादार कोण? सरकार. आणि विचारणारं कोण, तर तेही सरकारच. इथे खरी गंमत आहे. गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही.

आमची टीका नेमकी कशावर आहे ते आता सांगतो. न्यायालयांनी हे कर्तव्य मानलंच नाही, अशी ओरड काही मंडळी करतात. आम्हाला ती पटत नाही. आपल्या न्यायालयांनी जगातल्या कोणत्याही न्यायालयाइतकं, किंबहुना काकणभर जास्तच मानलं आहे. आमची तक्रार अशी की मानण्यालाच आपण करणं समजून बसलो आहोत.

थोडं व्याकरणाकडे येऊ. कुठलाही शासन निर्णय उघडा. 'कार्यवाही करण्यात यावी.' 'दक्षता घेण्यात यावी.' 'तपासणी करण्यात येईल.' शाळेत आपण प्रयोग शिकलो, कर्तरी, कर्मणी, भावे. सरकारी मराठीत कर्तरी प्रयोग जवळजवळ नाहीच. करण्यात येईल, पण करणार कोण? वाक्यात कर्ता नाही. आणि हा नुसता भाषेचा कंटाळवाणेपणा नाही, यात एक सोय आहे. ज्या वाक्यात कर्ता नाही त्या वाक्याचा जाब कोणाला विचारणार?

'कर्तव्य' हा शब्दच पाहा. कृ धातूला तव्य प्रत्यय. जे केलं पाहिजे ते कर्तव्य. कोणी केलं पाहिजे, हे त्या शब्दात नाही. ते वेगळं सांगावं लागतं. 'मया कर्तव्यम्', माझ्याकडून केलं जावं. कर्ता तृतीया विभक्तीत येतो. (वैयाकरण मंडळी लगेच म्हणतील की षष्ठीही चालते. चालते, पाणिनीने विकल्प दिला आहे. पण विकल्प विभक्तीत आहे, कर्ता गाळण्यात नाही.) आपण सरकारच्या कर्तव्यांबद्दल बोलतो तेव्हा ही तृतीया खाऊन टाकतो. 'शासनाचं कर्तव्य' म्हणतो आणि समाधान मानतो. शासन म्हणजे कोण? त्या जिल्हा रुग्णालयाच्या बाबतीत आरोग्य विभाग आहे, सार्वजनिक बांधकाम विभाग आहे, वीज पाहणारे आहेत, अग्निशमनवाले आहेत, जिल्हा नियोजनाचा पैसा आहे, जिल्हाधिकारी आहेत. प्रत्येकाच्या टेबलावर कर्तव्याचा एकेक तुकडा. तुकडे जोडून आख्खं कर्तव्य कोणाच्याही टेबलावर नाही.

मग आग लागल्यावर काय झालं? निलंबनं झाली, आणि पोलिसांनी एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक केली. परिचारिकांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला. पुन्हा सांगतो, त्या चौघींच्या बाबतीत खरं-खोटं करण्याचा आमचा अधिकार नाही. पण रचना बघा. कर्तव्य वरून खाली येताना विरत विरत येतं, दोष मात्र सरळ रेषेत खाली पडतो, आणि जो माणूस आगीच्या सगळ्यांत जवळ उभा असतो त्याच्या अंगावर पडतो. वरच्या वाक्यांत कर्ता नव्हता. खाली आल्यावर एकदम चार कर्त्या सापडल्या.

दुसरी गोष्ट, मदत. मृतांच्या नातलगांना राज्य सरकारने पाच लाखांची मदत जाहीर केली. अशा मदतीला सरकारी मराठीत काय म्हणतात? 'सानुग्रह अनुदान.' सानुग्रह. अनुग्रहासह. कृपेने. अहो, ज्याचं माणूस तुमच्या छताखाली जळून गेलं त्याच्यावर अनुग्रह कसला करता? १९९३ साली निलबती बेहरा यांच्या खटल्यात, ओरिसातलं कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण होतं, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्काचा भंग झाला की राज्याकडून भरपाई मिळणं हा कायद्याने मिळणारा उपाय आहे. तीस वर्षं होऊन गेली. शब्द अजून कृपेचाच आहे. ज्यांना हे शब्दच्छल वाटतील त्यांना आम्ही एवढंच म्हणू, की कृपेची पावती कोणी मागत नाही, आणि कृपा करणाऱ्याला कोणी 'आधी का केलं नाहीत' असं विचारत नाही. देण्याचं शब्दांत कृपा झालं, की न करण्याचा जाबही तिथेच संपतो.

आता थोडी तत्त्वज्ञानाची बाजू, फार नाही. हेन्री शू नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० मध्ये 'बेसिक राइट्स' हे पुस्तक लिहिलं. त्याआधी पुस्तकांत विभागणी अशी असायची की काही हक्क नकारात्मक, त्यांच्यासाठी सरकारने गप्प बसलं की पुरे, आणि काही सकारात्मक, त्यांच्यासाठी सरकारला खिशात हात घालावा लागतो. पहिले खरे हक्क, दुसरे नुसत्या सदिच्छा. शू म्हणाला, ही विभागणी हक्कांची नाही, कर्तव्यांची आहे. कुठलाही मूलभूत हक्क घ्या, त्याच्या पोटात तीन कर्तव्यं असतात. स्वतः हिरावून न घेणं, दुसऱ्याला हिरावून घेऊ न देणं, आणि हिरावलं गेलंच तर मदतीला जाणं. साधी गोष्ट आहे. तुम्हाला कोणी मारू नये हा हक्क अगदी नकारात्मक दिसतो. पण त्याच्यासाठी पोलीस लागतात, कोर्ट लागतं, कारकून लागतो, रस्त्यावर दिवा लागतो. किल्ल्यातल्या कैद्यांचं उदाहरणही तसंच आहे. त्यांना नुसता 'सोडा' असा हक्क असून भागलं नसतं. अटकेची कारणं विचारणारा न्यायाधीश कोणी तरी नेमावा लागतो, त्याचा पगार द्यावा लागतो.

जगात याची दोन टोकं दिसतात. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे विस्कॉन्सिनमधलं एक प्रकरण आलं. चार वर्षांचा मुलगा, बाप मारायचा. समाजकल्याणवाल्यांना माहीत होतं, घरी भेटी होत होत्या, नोंदी होत होत्या. शेवटी बापाने इतकं मारलं की मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने म्हटलं, मारलं ते बापाने, राज्याने नाही. घटना राज्याला आवर घालते, राज्याने माणसांना एकमेकांपासून वाचवावं असं ती सांगत नाही. हे एक टोक. दुसरं, तुर्कस्तान. इस्तंबूलजवळ कचऱ्याच्या डोंगराला लागून झोपडपट्टी. तिथे मिथेन वायूचा स्फोट होऊ शकतो, असा तज्ज्ञांचा अहवाल १९९१ मध्येच देऊन झाला होता. काही झालं नाही. २८ एप्रिल १९९३ ला स्फोट झाला, ३९ माणसं गाडली गेली. देशातल्या न्यायालयाने दोघा महापौरांना क्षुल्लक दंड केला, तोही स्थगित. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००४ मध्ये निकाल दिला की तुम्हाला माहीत होतं वा माहीत असायला हवं होतं, तरी तुम्ही केलं नाहीत, म्हणजे जीविताच्या हक्काचा भंग तुम्ही केलात. आणि एवढ्यावर न थांबता, नंतर खऱ्या जबाबदारांपर्यंत तुमची चौकशी गेली नाही, हाही वेगळा भंग. हा दुसरा भाग आपल्याकडे कोणी फारसा उचलत नाही. मेल्यानंतर नीट विचारपूस होणं हासुद्धा जिवाच्या हक्काचा भाग आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं खर्डा आठवा. एप्रिल २०१४ मध्ये तिथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. पुराव्याअभावी न्यायाधीश दुसरं काय करणार? पण साक्षीदाराला गावात निर्भयपणे राहता यावं, हे कोणाचं काम? न्यायाधीशाचं नव्हे, साक्षीदाराचं तर नव्हेच. महाराष्ट्राने साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला, वर्ष तेच, २०१७.

आता इतिहासात थोडं मागे जाऊ, कारण हा सगळा वाद मराठी मुलखात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे आणि आपण तो या नजरेने वाचत नाही. महाड. आपण चवदार तळ्याची गोष्ट सत्याग्रहाची म्हणून सांगतो. ती न केलेल्या अंमलबजावणीची गोष्टही आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं! तीन वर्षं एकही अस्पृश्य माणूस तिथे पाणी भरू शकला नाही. नगरपालिका कोणाला अडवत नव्हती हं. तिने काहीच केलं नाही, एवढंच. अडवायला गाव समर्थ होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले, आणि त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. पुढे दिवाणी दावा, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कधी, तर मार्च १९३७. दहा वर्षं.

महाडमध्ये जे घडलं ते बाबासाहेब विसरले नाहीत. घटनेचं पंधरावं कलम उघडून दुसरं उपकलम वाचा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. कायद्याच्या पुस्तकात घाट आणि तलाव कसे आले, याचं उत्तर महाडला आहे. आणि ते उपकलम सरकारपुरतं नाही; कोणाही नागरिकावर असा मज्जाव लादला जाता कामा नये, असं आहे. सतरावं कलम तर अस्पृश्यता कोणी पाळली यात भेदच करत नाही. म्हणजे आपल्या घटनेला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की हक्क मारणारा हात नेहमी सरकारचा असतो असं नाही, शेजाऱ्याचाही असतो, आणि तेव्हा सरकारने बाजूला उभं राहणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे.

मग ही तृतीया लावता येते का? कर्तव्याला कर्ता, मुदत आणि चुकल्याची किंमत लावता येते? येते. महाराष्ट्राने लावून दाखवली आहे, आणि त्याचा अभिमान आपल्याला हवा तितका नाही.

१९७२ चा दुष्काळ. आम्ही तेव्हा विशीत होतो. नगर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही, पण बहात्तरचा म्हटलं की म्हातारी माणसं अजून गप्प होतात. रेशनवरचा लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, पाझर तलाव, नालाबांध. मे १९७३ च्या सुमाराला राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या प्रमाणात भूकबळी गेले नाहीत, आणि ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी त्याची जगापुढे नोंद केली. पण दुष्काळी काम ही सरकारची मर्जी असते; काढलं तर काढलं. वि. स. पागे यांची कल्पना त्याच्यापुढची. सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, १९६५ साली प्रयोग झाला होता. त्याचा पुढे राज्याचा रोजगार हमी कायदा झाला, १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून पैसा उभा केला. तुमच्या आमच्या पगारातून कापला जायचा तो.

या कायद्याची रचना तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावी अशी आहे. आम्ही शिकवली. काम मागायचं, अर्ज करायचा. पंधरा दिवसांत काम द्यायचं. जिल्ह्यात जबाबदार जिल्हाधिकारी. नाही दिलं तर बेकारभत्ता. भत्त्याची रक्कम क्षुल्लक होती, तिला हसणारे हसले. पण हसणाऱ्यांना कळलं नाही की तिथे प्रश्न रकमेचा नव्हता. सरकारने काही केलं नाही, ही गोष्ट प्रथमच तारखेनिशी मोजता येऊ लागली. सोळाव्या दिवशी सरकार देणेकरी झालं! राज्यघटनेच्या एक्केचाळिसाव्या कलमात कामाचा हक्क आहे, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत', आणि तो कोर्टात मागता येत नाही. नगर-सोलापूरच्या खडी फोडणाऱ्या बाईला जे घटनेने दिलं नव्हतं ते राज्याच्या साध्या कायद्याने दिलं. २००५ चा केंद्राचा कायदा याच पायावर उभा राहिला.

मग व्यवस्थेने यातून पळवाट कुठे काढली? ती काढण्यातही मोठी हुशारी आहे. कायद्याला हात लावला नाही. अर्जाची पोच द्यायची नाही, इतकंच. नमुना चार भरून दिला, ग्रामसेवक म्हणतो ठेवून जा, बघू. तारखेची पोच नाही, म्हणजे अर्ज नाही. अर्ज नाही, म्हणजे मागणी नाही. मागणी नाही, म्हणजे पंधरा दिवस सुरूच होत नाहीत आणि भत्ता देण्याची वेळ कधी येतच नाही. रोजगार हमीवर काम केलेला कुठलाही कार्यकर्ता तुम्हाला सांगेल की अर्धं आंदोलन त्या चिटोऱ्यासाठी असतं. हक्कांवरचे मोठमोठे ग्रंथ आम्ही वाचले, पोचपावतीवर एकात प्रकरण नाही. असायला हवं.

याच धर्तीवर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिकारी ठरलेला, मुदत ठरलेली, चुकलं तर पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड. चांगला कायदा आहे. पण कशाला लागू? मुख्यतः दाखले, परवाने, उतारे. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत आहे. अतिदक्षता विभागातल्या पाण्याच्या फवाऱ्याला नाही.

पैशाचं काय, असं कोणी तरी विचारणारच. विचारावं. सरकारकडे पैसा नाही तर कर्तव्य कसलं? भिंगारकरांना हा युक्तिवाद कायद्याच्या भाषेत पाहायचा असेल तर लांब जायला नको. तुम्ही कॅन्टोन्मेंटमध्ये राहता. २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याचं बासष्टावं कलम बोर्डाची कर्तव्यं सांगतं. दिवाबत्ती, पाणी, गटारं, दवाखाने, प्राथमिक शाळा, लांबलचक यादी. आणि यादीच्या आधी, पहिल्याच ओळीत, काय आहे? हाती असलेला निधी परवानगी देईल तितपत. म्हणजे कर्तव्य सांगण्याआधीच सुटकेचं दार उघडून ठेवलं. या दारावर सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये घाव घातला आहे. रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांबद्दल नगरपालिकेला कोर्टात खेचलं. नगरपालिका म्हणाली, पैसा नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं, ही सबब चालणार नाही. माणसाच्या किमान सभ्य जगण्याचं काम अंदाजपत्रकाच्या नावाखाली टाळता येणार नाही. आणि उपदेश करून सोडलं नाही, मुदत घालून काम करायला लावलं. १९९६ मध्ये बंगालच्या प्रकरणातही तेच. रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं होतं. न्यायालयाने पैशाची सबब फेटाळली आणि पंचवीस हजारांची भरपाई दिली.

पैसा अमर्याद आहे असं आम्ही म्हणत नाही. प्रत्येक रुग्णाला प्रत्येक उपचार मिळू शकणार नाही, हे कळायला तत्त्वज्ञ लागत नाही. पण 'सगळं करता येत नाही' यातून 'कशाचाच जाब देणार नाही' हे निघत नाही. ज्या धोक्याची लेखी सूचना आलेली आहे, जो टाळण्याची रीत माहीत आहे, आणि ज्यात माणूस तुमच्या ताब्यात आहे, तिथे निधीची सबब आम्ही तरी ऐकून घेणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो किल्ल्याकडूनच येतो. सरकारला इतकी कर्तव्यं द्याल तर इतके अधिकारही द्यावे लागतील. मायबाप म्हणाल तर मायबाप कानही पिळतील. कोविडच्या टाळेबंदीत जीव वाचवायच्या नावाने पोलिसांनी भर रस्त्यात लोकांना उठाबशा काढायला लावल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तिथे संरक्षणाचं कर्तव्य हेच काठीचं समर्थन झालं होतं. म्हणून आम्ही 'मायबाप सरकार' हा शब्द टाकूनच द्यावा या मताचे आहोत. मायबापाचं प्रेम असतं, कर्ज नसतं. आणि प्रेमाचा हिशेब मागता येत नाही. आम्हाला देणेकरी सरकार हवं. देणेकऱ्याला अधिकार किती, तर देणं फेडायला लागतील तेवढे.

वेळ होत आली आहे, एकच मुद्दा भिंगारचा. कॅन्टोन्मेंटचे नागरी भाग शेजारच्या नगरपालिका-महापालिकांना जोडायचे, हे केंद्राचं धोरण २०२३ पासून चर्चेत आहे, आणि इथे त्याच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडून जोरात बोललं जातं. घरपट्टी वाढेल का, बांधकामाला परवानगी मिळेल का, एफएसआय किती, हे प्रश्न सगळे विचारतात. विचारलेच पाहिजेत. पण अशा हस्तांतराच्या कागदांत जमिनी, इमारती, कर्मचारी, देणी-घेणी यांची यादी असते. त्या यादीत पाणी, गटार, दवाखाना आणि अग्निशमन यांच्यासमोर कोणत्या पदाच्या माणसाचं नाव आणि कोणती तारीख आहे, हे आधी पाहून घ्या. बोर्ड म्हणेल आमच्याकडून गेलं, महापालिका म्हणेल आमच्याकडे अजून आलं नाही, आणि मधल्या महिन्यांत भिंगार कोणाचंच नसेल, अशी वेळ येऊ शकते. हरकती आणि सूचना मागवल्या जातील तेव्हा हा एक अर्ज जरूर द्या. आणि पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्या मंडळींनी जरा पुढे यावं, आम्हाला हल्ली कमी ऐकू येतं.